टेक्नोचा निकाल कोण लावतं?

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर शिकागोतल्या 'म्युझिक बॉक्स' क्लबात रॉन हार्डी या डीजेच्या हाती एक टेप पडली. 'फ्यूचर' नावाच्या त्रिकुटाने ती केली होती. रोलंड कंपनीच्या टीबी-३०३ या यंत्रातून काढलेला किरकिरणारा, पिळवटलेला आवाज, त्याखाली ड्रम मशीनचा ठोका, आणि हे सगळं दहा मिनिटांहून जास्त वेळ. गाणारं कोणी नाही, घरी जाताना ओठांवर राहील अशी धूनही नाही. हार्डीने टेप लावली आणि फ्लोअर रिकामा झाला. काही वेळाने त्याने तीच टेप पुन्हा लावली. मग तिसऱ्यांदा. त्याच रात्री चौथ्यांदा ती वाजली तेव्हा लोक बेभान होऊन नाचत होते. त्रिकुटातला डीजे पिअर हा किस्सा आजवर अनेकदा सांगत आला आहे. पुढे १९८७ साली ती टेप 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' या नावाने रेकॉर्ड होऊन आली आणि तिच्यातून नाचाच्या संगीताची 'अ‍ॅसिड' ही एक अख्खी शाखा फुटली.

हाच पेच टेक्नोचाही आहे. टेक्नोचा ट्रॅक चालतो कशामुळे, पडतो कशामुळे, आणि रेकॉर्ड लेबलचा त्यात हात किती, हा प्रश्न गेली चाळीस वर्षं चर्चेत आहे. साधं उत्तर असं, की फ्लोअर ठरवतो. ते खरंच आहे, पण अपुरं आहे. फ्लोअरचा पहिला कौल बऱ्याचदा चुकतो. अनोळखी आवाज कानावर पडला की माणसं बिचकतात, पाणी प्यायला निघून जातात. तो आवाज दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा त्यांच्यापुढे ठेवणारं कोणीतरी लागतं. एका रात्रीपुरतं ते काम डीजे करतो, पाच-दहा वर्षांसाठी लेबल करतं. टेक्नोचा आजवरचा प्रवास पाहिला तर जे ट्रॅक टिकले त्यांच्यामागे अशी दुसरी संधी देणारं कोणीतरी उभं होतं, आणि आजची अडचण हीच आहे की ती संधी आक्रसत चालली आहे.

ट्रॅकची घडण

टेक्नोचा ट्रॅक एकट्याने ऐकायला केलेला नसतो. त्याच्या आधी एक ट्रॅक वाजत असतो, नंतर दुसरा येणार असतो, आणि त्या दोघांशी त्याला जुळवून घ्यायचं असतं. म्हणून सुरुवातीला बराच वेळ नुसता ठोका असतो, हाय-हॅट असते. डीजेला तेवढ्या वेळात वेग जुळवून घेता येतो. शेवटही तसाच मोकळा ठेवतात. मधला बदल बहुतेक आठ, सोळा किंवा बत्तीस मात्रांच्या हिशेबाने येतो, त्यामुळे नाचणाऱ्याच्या अंगाला पुढचं वळण आधीच कळतं. घरी हेडफोनवर हाच ट्रॅक लावला तर 'यात काही घडतच नाही' असं वाटतं. जे घडायचं ते दोन ट्रॅक एकमेकांवर चढतात तेव्हा घडतं.

दुसरी गोष्ट खालच्या सुरांची. किक ड्रमचा गाभा साधारण पन्नास-साठ हर्ट्झच्या आसपास असतो. पन्नास हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी जवळजवळ सात मीटर भरते. एवढी लहर शयनगृहात नीट उमटतच नाही. मोठ्या हॉलमध्ये, मोठ्या स्पीकरांसमोर ती छातीवर आणि पोटावर आदळते. त्यामुळे घरी पोकळ वाटलेला ट्रॅक क्लबात उभा राहतो, आणि घरी भरगच्च वाटलेला ट्रॅक क्लबात चिखल होऊन बसतो, कारण त्यात ठोक्याला श्वास घ्यायला जागाच ठेवलेली नसते. जाणकार निर्माते म्हणून आवाज वाढवण्यापेक्षा काढून टाकण्यावर जास्त वेळ घालवतात. डेट्रॉइटच्या रॉबर्ट हूडने १९९४ साली 'मिनिमल नेशन' काढली तेव्हा हेच केलं. दोन-चार आवाज, त्यांच्यात सूक्ष्म फेरफार, बाकी सगळं वजा. तीस वर्षांनंतरही ते ट्रॅक लागले की गर्दी पाय काढून घेत नाही.

रेकॉर्ड कापणाऱ्या कारागिराचा यातला वाटा फार थोड्यांना ठाऊक असतो. बारा इंची रेकॉर्ड तयार होण्याआधी लेथवर लाखेच्या तबकडीत खाच कापली जाते. आवाज जितका मोठा आणि खालचा, तितकी सुई आडवी जास्त हलते, खाच रुंद होते, जागा जास्त खाते. म्हणून एका बाजूवर दहा-बारा मिनिटांच्या पुढे गेलं की आवाजाची पातळी खाली आणावी लागते. डाव्या आणि उजव्या बाजूचा बेस वेगवेगळा असेल तर सुई वर-खाली उड्या मारू लागते आणि वाजवताना खाचेतून निसटते. म्हणून बेस मधोमध ठेवतात. तबकडीच्या मध्याकडे जाताना एका फेऱ्यात सुईखालून जाणारी खाच आखूड होते आणि वरचे सूर मळतात. डीजेसाठीच्या बारा इंची रेकॉर्डवर एका बाजूला एखाद-दुसराच ट्रॅक असतो, त्याचं कारण या सगळ्यात आहे.

डेट्रॉइटमध्ये रॉन मर्फी हा असा कारागीर होता. त्याच्या 'नॅशनल साउंड कॉर्पोरेशन'मधून त्या शहराच्या टेक्नोचा मोठा हिस्सा कापून बाहेर पडला. डेट्रॉइटच्याच जेफ मिल्सच्या १९९४च्या 'सायकल ३०' या रेकॉर्डवर बंद खाचा आहेत: सुई पुढे सरकत नाही, एकाच वर्तुळात फिरत राहते आणि एकच तुकडा अखंड वाजतो. याचा हिशेब मजेदार आहे. मिनिटाला तेहेतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे या वेगाने एक फेरा १.८ सेकंदांत पुरा होतो. त्यात चार ठोके बसवले की मिनिटाला १३३ ठोके आणि वर थोडेसे भरतात. टेक्नोचा नेमका वेग! म्हणजे रेकॉर्डचं यंत्र आणि नाचाची लय एकाच गणितात बसली. डीजे ती खाच हवी तितका वेळ फिरवत ठेवून वर दुसरी रेकॉर्ड चढवू शकत होता.

या नियमांना अपवादही आहेत, आणि ते मोठे आहेत. डेट्रॉइटच्या डेरिक मेची १९८७ची 'स्ट्रिंग्ज ऑफ लाइफ' घ्या. टेक्नोतली बहुधा सर्वांत लाडकी रेकॉर्ड, पण तिला बेसलाइनच नाही. पियानोचे तुकडे आणि तंतुवाद्यांसारखे झपाटे यांवर ती उभी आहे. ती मँचेस्टरच्या 'हासिएन्दा' क्लबात वाजली तेव्हा तिथल्या गर्दीने तिला डोक्यावर घेतलं. नियम पाळून ट्रॅक चालतो. पण जो स्मरणात राहतो त्याने एखादा नियम विचारपूर्वक मोडलेला असतो.

शिवाय प्रत्येक ट्रॅकची आपली वेळ असते. रात्री अकराला, फ्लोअर अर्धा रिकामा असताना जो ट्रॅक माणसांना आत ओढतो तो पहाटे तीनला मिळमिळीत वाटतो. तीनचा ट्रॅक अकराला लावला तर लोक भिंतीला टेकून उभे राहतात. सकाळी सातला, अंग दमलेलं आणि मन मोकळं असताना, मधुर आणि विलंबित ट्रॅकचं जे सोनं होतं ते मध्यरात्री होणार नाही. बर्लिनच्या 'बर्गहाइन'मध्ये शनिवारी रात्री सुरू झालेला नाच सोमवारी सकाळपर्यंत चालतो, म्हणून तिथे सगळ्या वेळांच्या ट्रॅकना जागा मिळते. आपल्याकडे २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. त्यामुळे गोव्यात, पुण्या-मुंबईत उघड्यावरच्या कार्यक्रमांत पहाटेसाठी केलेलं संगीत सूर्यास्ताच्या आसपास वाजतं. मग चार-पाच तासांत सगळं उरकायचं म्हणून डीजे थेट शिखरावर उडी घेतात, आणि रात्रीच्या कडेचे ट्रॅक इथल्या कानांवर पडतच नाहीत.

डेट्रॉइट: गरजेपोटी निघालेली लेबलं

हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन हे तिघे डेट्रॉइटजवळच्या बेलव्हिलच्या शाळेतले मित्र. अ‍ॅटकिन्सने १९८५ साली 'मेट्रोप्लेक्स' काढलं, मेने १९८६ साली 'ट्रान्समॅट', सॉन्डरसनने १९८७ साली 'केएमएस'. तिघांनी वेगवेगळी लेबलं काढण्यामागे हौस कमी आणि निरुपाय जास्त होता. मोठ्या कंपन्यांना या संगीतात गिऱ्हाईक दिसत नव्हतं. शहरात रेकॉर्ड दाबणारा कारखाना होता, रात्री नवं संगीत लावणारा 'इलेक्ट्रिफाइंग मोजो' रेडिओवर होता, आणि पदरमोड करायची तयारी होती. तेवढ्यावर त्यांनी आपली दुकानं थाटली.

त्यांच्या गावात फ्लोअर मात्र तोकडा होता. 'म्युझिक इन्स्टिट्यूट' हा क्लब १९८८ साली सुरू झाला आणि जेमतेम दीड वर्ष चालला. निकाल लागला समुद्रापलीकडे. १९८८ साली नील रश्टन या ब्रिटिश माणसाने व्हर्जिनच्या एका शाखेसाठी डेट्रॉइटच्या ट्रॅकचा संग्रह काढला, 'टेक्नो! द न्यू डान्स साउंड ऑफ डेट्रॉइट'. त्यातला सॉन्डरसनच्या 'इनर सिटी' या गटाचा 'बिग फन' ब्रिटनच्या यादीत पहिल्या दहांत पोचला. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय तरुणांनी आपल्या शहराच्या पडझडीच्या काळात घडवलेलं संगीत युरोपात कोठारांमध्ये आणि शेतांमध्ये हजारोंच्या गर्दीसमोर वाजू लागलं. निर्माते डेट्रॉइटचे, फ्लोअर मँचेस्टर-बर्लिनचा. ही फारकत टेक्नोच्या पाचवीलाच पुजलेली आहे. पैसा आणि श्रेय यांवरून आजही जे वाद होतात त्यांचं मूळ तिथे आहे.

पुढच्या पिढीने ही फारकत ओळखून लेबल चालवलं. 'मॅड' माइक बँक्स, जेफ मिल्स आणि रॉबर्ट हूड यांच्या 'अंडरग्राउंड रेझिस्टन्स'ने चेहरे झाकले, मुलाखती टाळल्या, वितरणही 'सबमर्ज'च्या रूपाने आपल्याच शहरात ठेवलं. १९९९ साली त्यांनी डीजे रोलँडोची 'नाइट्स ऑफ द जॅग्वार' काढली. तंतुवाद्यांची चढती लड आणि लॅटिन ताल यांच्या जोरावर 'जॅग्वार' टेक्नोच्या बाहेरच्या फ्लोअरांवरही पसरली. सोनीच्या जर्मन शाखेला परवानगी मिळेना, तेव्हा तिने सुरासूर नक्कल करून आपली आवृत्ती काढली. जगभरातल्या चाहत्यांनी कंपनीकडे निषेधाचा मारा केला आणि सोनीला माघार घ्यावी लागली. 'अंडरग्राउंड रेझिस्टन्स'ने पुढच्याच वर्षी 'रिव्हेंज ऑफ द जॅग्वार' या नावाने आपल्या लोकांची रिमिक्स काढून उत्तर दिलं. ट्रॅक एकदा फ्लोअरने उचलला की तो कोणाचा हा प्रश्न उभा राहतो, आणि तेव्हा ठामपणे उभं राहणारं लेबल नसेल तर निर्मात्याच्या हाती काही उरत नाही.

बर्लिन: तळघर, दुकान, लेथ

मार्च १९९१मध्ये दिमित्री हेगेमान आणि मंडळींनी बर्लिनमध्ये जुन्या वेर्टहाइम डिपार्टमेंट स्टोअरच्या तिजोरीघरात 'ट्रेझोर' हा क्लब उघडला. बसकं छत, गंजलेले लोखंडी गज, भिंतीत ठेवींचे फुटके कप्पे, ओल, धूर. अशा जागेत नाजूक संगीत मरतं आणि कोरडा, टणक ठोका जगतो. त्याच वर्षी क्लबाने आपलं लेबल काढलं आणि त्याची पहिली रेकॉर्ड होती 'एक्स-१०१', म्हणजे डेट्रॉइटच्या 'अंडरग्राउंड रेझिस्टन्स'चीच मंडळी. भिंत पडलेल्या शहरातल्या तळघराला आणि कारखाने बंद पडलेल्या शहरातल्या यंत्रसंगीताला एकमेकांची गरज होती. डेट्रॉइटचा डीजे शनिवारी वाजवायचा, रेकॉर्ड त्याच छताखालच्या लेबलवर निघायची, आणि पुढच्या महिन्यात इतर डीजे तीच रेकॉर्ड त्याच फ्लोअरवर लावायचे.

या साखळीतली दुसरी कडी म्हणजे 'हार्ड वॅक्स' हे दुकान. मार्क एर्नेस्टुसने १९८९ साली ते सुरू केलं. तिथे काय ठेवायचं आणि काय नाही याची निवड इतकी काटेकोर, की त्या दुकानाच्या एका ओळीच्या शिफारशीवर युरोपभरचे डीजे रेकॉर्ड मागवत आले. एर्नेस्टुस आणि मोरित्झ फॉन ओस्वाल्ड यांनी १९९३ साली 'बेसिक चॅनल' काढलं. त्या लेबलच्या मुख्य मालिकेत नऊ बारा इंची रेकॉर्ड आहेत, बस. लेबलवरची अक्षरं वाचता येऊ नयेत अशी चिरफाळलेली, निर्मात्यांचा फोटो नाही, जाहिरात नाही. जमैकाच्या 'डब' संगीतातला प्रतिध्वनी त्यांनी टेक्नोच्या ठोक्यात मुरवला आणि त्या नऊ रेकॉर्डमधून डब टेक्नो नावाचा प्रवाह निघाला. आवाज कापून घ्यायला योग्य जागा हवी म्हणून १९९५ साली त्याच वर्तुळातून 'डबप्लेट्स अँड मास्टरिंग' उभं राहिलं. ऐकणारा, विकणारा, कापणारा आणि नाचणारा एकमेकांना तोंडओळखीने जाणत होते. ट्रॅक अडला तर तो नेमका कुठे अडला हे चालत जाऊन विचारता येत होतं.

'बर्गहाइन' २००४ साली सुरू झालं आणि २००५ साली त्याने 'ओस्टगुट टोन' हे लेबल काढलं. बेन क्लॉक, मार्सेल डेटमान हे तिथे वर्षानुवर्षं वाजवणारे डीजे या लेबलचा कणा होते. फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवूनच माणूस आत सोडायचा, हा तिथला नियम. त्यामुळे डीजेने नवा ट्रॅक लावून पाहिला आणि तो पडला तर त्याची चित्रफीत कुठे फिरत नाही. आठ-दहा तासांच्या सेटमध्ये एखादा ट्रॅक पडणं परवडतं. २०१६ साली जर्मन न्यायालयाने या क्लबाला करासाठी मैफलीच्या सभागृहासारखं मानलं, आणि २०२४ साली बर्लिनच्या टेक्नो संस्कृतीची जर्मनीच्या अमूर्त वारशाच्या राष्ट्रीय यादीत नोंद झाली. सरकारदरबारी हा मान मिळाला ते योग्यच झालं, पण त्याआधी तिथल्या दुकानांनी आणि लेबलांनी वीस वर्षं धीराने केलेलं काम त्यामागे होतं.

लेबल नेमकं काय करतं?

पहिलं काम निवडीचं. डीजे दुकानात शिरून शेकडो रेकॉर्ड ऐकू शकत नाही. लेबलचं नाव पाहून तो दहा बाजूला काढतो. दुसरं काम पैशाचं: कापणं, दाबणं, छापणं, वाटणं. लहान लेबल तीनशे-पाचशे प्रती काढतं आणि त्या खपल्या तर खर्च निघतो, उरलाच तर पुढच्या रेकॉर्डला लागतो. तिसरं काम सर्वांत महत्त्वाचं, ते म्हणजे रेकॉर्ड बाजारात जिवंत ठेवणं. जेफ मिल्सचा 'द बेल्स' १९९७ साली त्याच्याच 'पर्पज मेकर'वर आला. तेव्हापासून आजपर्यंत तो फ्लोअरवरून उतरलेला नाही, आणि त्याच्या प्रती पुन्हा पुन्हा दाबल्या गेल्या. विशीतला पोरगा आज तो पहिल्यांदा ऐकतो आणि उडतो. असा ट्रॅक एका लाटेत विकून मोकळं होणाऱ्याच्या हाती पडला असता तर कुठल्यातरी संग्रहात धूळ खात पडला असता.

ग्लासगोच्या 'सोमा'चं उदाहरण बोलकं आहे. १९९१ साली निघालेल्या या लहान लेबलने पॅरिसच्या दोन अनोळखी पोरांची रेकॉर्ड १९९४ साली काढली, आणि पुढच्या वर्षी त्यांचा 'दा फंक'. सुरुवातीला तो फारसा खपला नाही. केमिकल ब्रदर्सने आपल्या कार्यक्रमांत तो वाजवायला घेतला, मग व्हर्जिनने त्या पोरांना करारबद्ध केलं, आणि 'डाफ्ट पंक' हे नाव जगाला कळलं. मोठी कंपनी आली ती निकाल लागल्यावर. निकाल लागेपर्यंत ट्रॅक सांभाळला तो लहान लेबलने.

सगळी लेबलं अशी सज्जन नव्हती, हेही इथे नोंदवायला हवं. 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' काढणाऱ्या ट्रॅक्स रेकॉर्ड्सच्या तबकड्या खराब मालाच्या म्हणून बदनाम होत्या. आपल्याच गाण्यांचे हक्क परत मिळवायला लॅरी हर्ड आणि रॉबर्ट ओवेन्स यांना त्या कंपनीविरुद्ध कोर्टाची पायरी चढावी लागली, आणि २०२२ साली तो वाद मिटला. त्याच वर्षी आणखी कलाकारांनी थकलेल्या मानधनासाठी दावा लावला. ज्या ट्रॅकनी फ्लोअर घडवले त्यांच्या निर्मात्यांनी म्हातारपणी वकील शोधत फिरावं, हा या क्षेत्रावरचा कलंक आहे. लेबलचा धीर निर्मात्याच्या खिशातून वसूल होत असेल तर त्याला धीर म्हणता येणार नाही.

गोवा आणि मुंबई: दोन उलट उदाहरणं

लेबलचं मोल कळण्यासाठी आपल्याकडची दोन उदाहरणं शेजारी ठेवून पाहावीत.

हणजूणच्या किनाऱ्यावर ऐंशीच्या दशकात फ्लोअर होता, लेबल नव्हतं. उन्हात व्हिनाइलची रेकॉर्ड वाकडी होते, धूळ आणि खारी हवा सुईला मानवत नाही, म्हणून तिथले डीजे कॅसेटवर आणि पुढे डॅट टेपवर वाजवत. युरोपातून आलेल्या रेकॉर्डमधले गाण्याचे भाग कापून नुसता वाद्यांचा भाग लांबवलेल्या टेपा तयार होत आणि डीजे त्या आपसात बदलत. गोवा गिलसारख्या डीजेंनी रात्र रात्र या टेपांवर फ्लोअर चालवला. त्यातून गोवा ट्रान्स जन्मला. पण त्या संगीताची लेबलं निघाली इंग्लंडात, 'ड्रॅगनफ्लाय' आणि 'टिप'सारखी, नव्वदच्या दशकात. त्याआधीच्या टेपांमधलं कितीतरी कायमचं हरवलं. हणजूणचा फ्लोअर जिवंत होता, तिथल्या गर्दीचा कौलही खरा होता. तो लिहून ठेवणारं कोणी नव्हतं.

मुंबईत नेमकं उलट झालं. हिंदी चित्रपटसंगीतात वादक म्हणून काम करणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली एचएमव्हीसाठी 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही रेकॉर्ड केली. हाताशी टीबी-३०३, टीआर-८०८ ड्रम मशीन आणि ज्युपिटर-८ सिंथेसायझर. रागांचे स्वर त्यांनी ३०३वर चढवले आणि जो आवाज निघाला तो शिकागोच्या अ‍ॅसिडशी थक्क करणारं साम्य दाखवतो, तेही 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' बाजारात येण्याच्या पाच वर्षं आधी. रेकॉर्ड खपली नाही. तिच्यामागे मोठी कंपनी होती, पण ती चार वेळा लावणारा रॉन हार्डी नव्हता आणि तिला पेलणारा फ्लोअर नव्हता. २०१० साली 'बॉम्बे कनेक्शन' या डच लेबलने ती पुन्हा काढली, तेव्हा सत्तरीकडे झुकलेल्या सिंग यांना युरोपच्या मंचांवर आपलं संगीत वाजवायला बोलावणी आली. २०१५ साली मुंबईत त्यांचं निधन झालं. दाद मिळाली, पण तिला अठ्ठावीस वर्षं लागली.

आकड्यांचा काळ

२००४ साली 'बीटपोर्ट' सुरू झालं आणि डीजेंसाठीचं दुकान संगणकावर आलं. तीनशे प्रतींची मर्यादा गेली. नागपुरातला किंवा कोल्हापुरातला पोरगा बर्लिनच्या डीजेबरोबर एकाच दिवशी ट्रॅक विकत घेऊ लागला. हा फायदा फार मोठा आहे आणि त्याला नाकं मुरडणं मला पटत नाही. महागड्या आयात रेकॉर्डच्या काळात आपल्याकडच्या किती जणांना या संगीतात उतरता आलं असतं?

पण दुकानाबरोबर पहिल्या शंभरांची यादीही आली, आणि तिच्यातून वेगळाच निकाल निघू लागला. यादी विक्री मोजते. विकत घेतलेला ट्रॅक वाजला का, वाजला तर किती वाजता, लोक थांबले का, वर्षभराने तो डीजेच्या यूएसबीवर उरला का, यातलं काहीच ती सांगत नाही. यादीत वर दिसतं तेच जास्त घेतलं जातं, म्हणून निर्माते यादीच्या मापाचे ट्रॅक करू लागतात. आज 'बीटपोर्ट'वर टेक्नोचे दोन कप्पे आहेत, एक शिखरावरच्या वेळेचा आणि दुसरा कच्च्या, खोल, गुंगवणाऱ्या ट्रॅकचा. एक वेळ म्हणजे एक कप्पा असं झालं, की दोन कप्प्यांच्या मधे पडणाऱ्या ट्रॅकने जायचं कुठे?

त्यात २०१०पासून 'बॉयलर रूम'ने डीजेचा सेट पडद्यावर आणला, आणि नंतर प्रत्येकाच्या हातातल्या फोनने तो पंधरा सेकंदांवर आणला. पंधरा सेकंदांत दिसतं ते एवढंच: ठोका थांबतो, हात वर जातात, ठोका परत येतो. या एका क्षणासाठी बेतलेल्या ट्रॅकची आज रेलचेल आहे. वेग १४०-१५०पर्यंत चढला, ठोका थांबवून ठेवणारे ब्रेकडाउन लांबले, आणि मधल्या सहा मिनिटांचं हळूहळू बदलत जाणं मागे पडलं. हार्डीच्या टेपला आज पहिल्या वेळीच रिकाम्या फ्लोअरची चित्रफीत मिळाली असती, आणि दुसरी वेळ आलीच नसती.

पैशाचा हिशेबही उलटा झाला आहे. फ्लोअरवरून येणारा पैसा प्रामुख्याने डीजेच्या मानधनात जातो; ज्याचे ट्रॅक तो वाजवतो त्या निर्मात्यापर्यंत त्यातलं थोडंच झिरपतं. क्लब संगीताच्या परवान्याचे पैसे भरतात, पण त्यांची वाटणी बऱ्याच देशांत रेडिओवरच्या किंवा नमुन्यादाखल घेतलेल्या नोंदींवरून होते, आणि तीनशे प्रतींचा ट्रॅक त्या नोंदीत सापडत नाही. पायोनियरच्या 'कुवो'सारखी, वाजलेला ट्रॅक आपोआप नोंदवणारी सोय निघाली, पण ती सगळीकडे पोचली नाही. २०२४पासून 'स्पॉटिफाय'ने वर्षात हजारपेक्षा कमी वेळा ऐकलेल्या ट्रॅकना मोबदला देणं थांबवलं. डीजेसाठी केलेला, क्लबातच उलगडणारा ट्रॅक घरी बसून हजार वेळा कोण ऐकणार? रेकॉर्ड काढायची तर तिकडेही अडचण: फेब्रुवारी २०२०मध्ये कॅलिफोर्नियातला 'अपोलो मास्टर्स' कारखाना जळाला, आणि लाखेच्या तबकड्या करणारे जगात जे दोन कारखाने होते त्यांतला एक गेला.

'बँडकँप'ने थोडा दिलासा दिला. डिजिटल विक्रीतला पंधरा टक्के वाटा ठेवून बाकी पैसा ते लेबलला देतं, आणि मार्च २०२०पासून ठरावीक शुक्रवारी तो वाटाही सोडतं. अनेक लहान टेक्नो लेबलं त्या शुक्रवारांवर तगली. पण २०२२ आणि २०२३ अशा लागोपाठच्या वर्षांत ही कंपनी दोनदा विकली गेली, तेव्हा दुसऱ्याच्या ओसरीवर किती काळ बसता येईल ही धास्ती आहेच.

मग कसोटी कोणती?

एवढा पसारा पाहिल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. ट्रॅकची कसोटी लावायची तर पहिल्या महिन्यातली विक्री आणि पंधरा सेकंदांची चित्रफीत बाजूला ठेवावी आणि तीन गोष्टी विचाराव्यात. पाच वर्षांनी तो कोणी वाजवतं का? रात्रीच्या एकाहून अधिक वेळांना तो चालतो का? वेगळ्या शहरातल्या, वेगळ्या स्वभावाच्या डीजेने तो आपला मानला का? 'द बेल्स', 'स्ट्रिंग्ज ऑफ लाइफ', 'बेसिक चॅनल'च्या नऊ रेकॉर्ड या तिन्हींत उतरतात. लेबलसाठीही तीनच प्रश्न: नव्या निर्मात्याची दुसरी आणि तिसरी रेकॉर्ड त्याने काढली का, जुन्या रेकॉर्ड मिळत्या ठेवल्या का, आणि हिशेब वेळेवर दिला का?

यातलं बरंचसं आपल्या हातात आहे. आपल्याकडच्या डीजेने नवा ट्रॅक एकदा पडला म्हणून टाकून देऊ नये. वेळ बदलून, शेजारचा ट्रॅक बदलून पुन्हा लावावा. आयोजकाने उघड्यावरच्या चार तासांतही पहिला तास संथ संगीताला राखावा, आणि स्थानिक डीजेला लांबलचक सेट द्यावा. क्लबाने वाजलेल्या ट्रॅकची यादी परवाना संस्थेकडे पाठवावी, म्हणजे पैसा योग्य दारी पोचेल. नाचणाऱ्याने महिन्याकाठी एखादी रेकॉर्ड किंवा फाइल थेट लेबलकडून विकत घ्यावी. आणि पुण्या-मुंबईत, गोव्यात जी पोरं आज स्वतःचं लेबल काढू पाहत आहेत त्यांनी पाच निर्माते निवडून पाच वर्षं त्यांच्यामागे उभं राहण्याची तयारी ठेवावी. चरणजित सिंगांच्या रेकॉर्डला परदेशी लेबलने हात दिला, तोही अठ्ठावीस वर्षांनी. पुढच्या तशा रेकॉर्डला हात देणारं लेबल मुंबईतच असायला हवं, आणि तिचा निर्माता तरुण असतानाच.